हिस्लॉप कॉलेजच्या नावामागचा माणूस : स्टीफन हिस्लॉप, त्यांचा विश्वास आणि आपला जिल्हा

नागपूर : सिव्हिल लाइन्सकडे जाताना ऑटोवाल्याला हिस्लॉप कॉलेज म्हटलं की पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. सावनेर, काटोल, उमरेड, हिंगणा अशा तालुक्यांतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या तिथे शिकून गेली. पण हिस्लॉप हे एका माणसाचं आडनाव आहे, तो माणूस १८४५ साली इथे आला, मराठी शिकला, गोंडांची गाथा लिहून घेतली, आपल्या शिवारातल्या दगडांचं नाव लंडनपर्यंत नेलं आणि हिंगणा तालुक्यातल्या टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात बुडून गेला, हे फार थोड्यांना माहीत असतं.

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांची ओळख प्रत्येक जण आपापल्या परीने सांगतो. भूगर्भशास्त्रवाले त्यांना संशोधक म्हणतात, शिक्षक त्यांना विदर्भातल्या इंग्रजी शिक्षणाचा पाया घालणारा म्हणतात, आदिवासी संस्कृतीचे अभ्यासक त्यांच्या कागदपत्रांचा आधार घेतात. ते स्वतः मात्र एकाच कामासाठी आले होते. ते काम म्हणजे ख्रिस्ताची सुवार्ता सांगणं. बाकी सगळं त्या एका कामातून निघालं. म्हणून त्यांचं आयुष्य समजून घ्यायचं तर त्यांचा विश्वास नेमका काय होता, हे आधी पाहावं लागतं.

स्कॉटलंडमधला धर्मसंघ फुटला तेव्हा

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या लहानशा गावी झाला. एडिंबरा आणि ग्लासगो इथे त्यांनी शिक्षण घेतलं आणि पाळक होण्यासाठी धर्मशास्त्राचा अभ्यास केला. ते पंचविशीत होते तेव्हा त्यांच्या देशात एक मोठी घटना घडली.

त्या काळी स्कॉटलंडमध्ये गावच्या चर्चला पाळक कोण असावा, हे बहुतेक ठिकाणी तिथला जमीनदार ठरवायचा. गावकऱ्यांना तो पाळक नको असला तरी सरकारी न्यायालयं जमीनदाराचा हक्क मान्य करत. चर्चचा धनी ख्रिस्त आहे, जमीनदार नाही आणि सरकारही नाही, असं म्हणणारा एक मोठा गट होता. १८ मे १८४३ रोजी एडिंबरा इथे या गटाच्या पाळकांनी सभेतून सरळ उठून बाहेर पाऊल टाकलं. साडेचारशेहून जास्त पाळकांनी पगार सोडला, राहतं घर सोडलं, चर्चची इमारत सोडली. त्यातून फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड उभं राहिलं. डॉ. थॉमस चामर्स हे त्याचे पुढारी.

हिस्लॉप या फ्री चर्चचे झाले. हे सांगण्याचं कारण असं की नागपुरात आलेला हा मिशनरी सरकारी पगारी धर्माधिकारी नव्हता. ज्या मंडळींनी श्रद्धेपायी घरदार सोडलं होतं, त्यांच्या वर्गणीवर त्याचं मिशन चालणार होतं.

त्यांचा विश्वास काय होता?

फ्री चर्चची मंडळी इव्हँजेलिकल म्हणजे सुवार्तावादी विचारांची होती. हा शब्द ग्रीक भाषेतून आलेला, अर्थ शुभवार्ता. मराठी ख्रिस्ती लोक त्यालाच शुभवर्तमान किंवा सुवार्ता म्हणतात. या विचाराच्या मुळाशी काही ठाम गोष्टी आहेत. त्या जगभरच्या सुवार्तावादी चर्चमध्ये आजही मानल्या जातात.

पहिली गोष्ट, बायबल हा देवाचा शब्द आणि विश्वासाच्या बाबतीत शेवटचा अधिकार. परंपरा, पुरोहित, पोप किंवा राजा त्याच्यावर नाही. ज्याला वाचता येतं त्याने ते स्वतः, आपल्या भाषेत वाचलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, देव एकच आहे, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा त्रैक्यात आहे. येशू हा थोर गुरू किंवा संत एवढाच नाही, तर तो माणूस झालेला देव आहे.

तिसरी गोष्ट, प्रत्येक माणूस पापी आहे. राजा असो की रोजंदार, पंडित असो की अडाणी, देवापुढे सगळे सारखेच कर्जबाजारी. हे कर्ज दानधर्म, तप, व्रत, यात्रा, नवस यांनी फिटत नाही. चर्चला नेमाने गेल्यानेही फिटत नाही.

चौथी गोष्ट, आणि हाच गाभा. हे कर्ज येशूने वधस्तंभावर स्वतःच्या मरणाने फेडलं आणि तो तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला. म्हणून तारण ही कमाई नाही, कृपा आहे. माणसाच्या हाती एवढंच की पश्चात्ताप करायचा आणि विश्वासाने ती कृपा स्वीकारायची. चांगली कामं तारणासाठी करायची नसतात, ती तारणानंतर आपोआप यावीत अशी अपेक्षा असते. झाडाला फळ यावं तशी.

पाचवी गोष्ट, हा विश्वास बापाकडून वारशाने मिळत नाही. ख्रिस्ती घरात जन्मलेल्यालाही मनाचा पालट व्हावा लागतो. त्याला नवा जन्म म्हणतात.

आणि शेवटची गोष्ट, ही वार्ता ज्याला कळली त्याने ती दुसऱ्याला सांगितलीच पाहिजे, कारण ख्रिस्त न्याय करायला पुन्हा येणार आहे.

सगळे सुवार्तावादी सगळ्याच बाबतींत एकमताचे नसतात. हिस्लॉप यांचं प्रेस्बिटेरियन चर्च विश्वासणाऱ्यांच्या तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतं, तर बॅप्टिस्ट मंडळी फक्त जाणत्या माणसाला देतात. पण वर सांगितलेल्या गाभ्यावर दोघांचं एकमत.

आपल्या मातीत भक्तीने देव मिळतो, कर्मकांडाने नाही, हे संतांनी फार आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे कृपेची भाषा इथल्या माणसाला अगदीच परकी नव्हती. परकं वाटलं ते दुसरंच. तारणाचा मार्ग एकच आणि तो फक्त ख्रिस्त, हा हट्ट. अनेक वाटा एकाच देवाकडे जातात असं मानणाऱ्या समाजात हिस्लॉप हा हट्ट घेऊन आले, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

कामठीच्या छावणीतून सुरुवात

नागपूरला मिशन सुरू व्हावं ही कल्पना मूळ कामठी छावणीतली. मद्रास सेनेतले कॅप्टन हिल हे श्रद्धाळू गृहस्थ होते. त्यांनी मोठी देणगी देऊ केली आणि फ्री चर्चने हिस्लॉप यांना पाठवायचं ठरवलं. १८४४ च्या डिसेंबरात ते पत्नीसह मुंबईत उतरले. तिथे डॉ. जॉन विल्सन आधीपासून काम करत होते. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते हेच. नागपूरला रेल्वे यायला तेव्हा बावीस वर्षं बाकी होती. रस्त्याने मजल दरमजल करत १८४५ च्या फेब्रुवारीत हिस्लॉप दांपत्य कामठीला पोचलं.

तेव्हा नागपूर इंग्रजांचं नव्हतं. गादीवर तिसरे रघुजी भोसले होते आणि सीताबर्डीला इंग्रज रेसिडेंट बसत असे. कामठीत मद्रासकडची पलटण असल्यामुळे छावणीत तेलुगू आणि तमिळ बोलणारी कुटुंबंही बरीच. पण शहराची आणि गावांची बोली मराठी. हिस्लॉप यांनी पहिलं काम हाती घेतलं ते मराठी शिकण्याचं. देवाचा शब्द माणसाला त्याच्या भाषेत कळला पाहिजे, हे त्यांचं तत्त्वच होतं. दुभाष्याच्या तोंडून सुवार्ता सांगणं त्यांना पुरेसं वाटत नव्हतं.

पुढे रॉबर्ट हंटर हे दुसरे मिशनरी त्यांच्या सोबतीला आले. हिवाळा लागला की दौरे निघत. बैलगाडी, घोडा आणि पायपीट. आठवडी बाजारात, देवळाजवळच्या पारावर, गावच्या चावडीजवळ लोक जमले की बोलायचं, पुस्तिका वाटायच्या, प्रश्न आले तर वाद घालायचा.

शाळा आणि तिच्यामागचा हेतू

१८४६ मध्ये नागपूर शहरात मिशनची शाळा सुरू झाली. तीत इंग्रजी, गणित, भूगोल शिकवत आणि रोज बायबलचा तासही असे. हा तास ऐच्छिक शोभेचा नव्हता. शाळा होती ती मुळात त्याच्यासाठी. ज्यांच्या मते धर्मग्रंथ प्रत्येकाने स्वतः वाचायचा, त्यांना आधी वाचणारा माणूस तयार करावा लागतो.

लोकांनी मुलं पाठवली ती वेगळ्या हिशेबाने. इंग्रजी आली तर नोकरी मिळेल, कचेरीत जागा मिळेल. बायबलचा तास मुलगा ऐकेल आणि सोडून देईल, असं बापाला वाटे. बहुतेक वेळा तसंच होई. पण नेहमी नाही.

शाळा सुरू होऊन थोडी वर्षं होतात तोच एका ब्राह्मण विद्यार्थ्याने ख्रिस्ती व्हायचं ठरवलं आणि शहरात खळबळ उडाली. घरच्यांच्या दृष्टीने मुलगा जिवंतपणी गेल्यासारखाच होता. जात गेली, पंगत गेली, श्राद्धाला कोणी उरलं नाही. प्रकरण भोसल्यांच्या दरबारात आणि रेसिडेन्सीपर्यंत गेलं. राजाच्या नाराज प्रजेला इंग्रजांनी आसरा द्यायचा नाही, असा तह होता. त्यामुळे इंग्रज अधिकारी मिशनरींच्या पाठीशी उभे राहतील हा समजही तिथे खोटा ठरला.

इथे दोन्ही बाजूंनी काय पणाला लागलं होतं ते पाहण्यासारखं आहे. हिस्लॉप यांच्या लेखी माणसाचा विश्वास हा त्याचा आणि देवाचा मामला होता, बाप, जात किंवा राजा त्यात येऊ शकत नाही. स्कॉटलंडमध्ये त्यांच्या मंडळींनी जमीनदार आणि न्यायालयाला हेच ऐकवलं होतं. पण नागपुरातल्या कुटुंबासाठी धर्म म्हणजे एकट्याचा कौल नव्हताच. तो घर, नातं, जेवण, लग्न, मरण या सगळ्यांत विणलेला होता. एक धागा ओढला की सगळं कापड उसवणार. मिशनरी ज्याला मोकळीक म्हणत होते, त्यात आईबापांना मुलाची ताटातूट दिसत होती. दोघांचं दुःख आणि दोघांची ओढ खरी होती.

हिस्लॉप यांच्या हयातीत नागपुरात ख्रिस्ती झालेल्यांची संख्या थोडीच राहिली. अठरा वर्षांच्या खटपटीचं हे फळ मोजायला बसलं तर निराशाच पदरी येईल. त्यांच्या विश्वासात मात्र हा हिशेब माणसाने ठेवायचा नसतो. मन पालटणं हे पवित्र आत्म्याचं काम, आपलं काम सांगण्याचं, असं ही मंडळी मानत. त्यामुळे ते थकले तरी थांबले नाहीत.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले, आणि १८५४ मध्ये डलहौसीने वारस नाही म्हणून नागपूर राज्य खालसा केलं. १८५७ मध्ये टाकळीच्या घोडदळाचा उठाव फसला आणि त्यात सामील झालेल्यांना फाशी झाली. या सगळ्या काळात हिस्लॉप नागपूरशी बांधलेले राहिले. ते परक्या सत्तेच्या देशाचे होते आणि लोकांच्या नजरेत त्या सत्तेपासून वेगळे काढता येत नव्हते, हेही त्यांच्या कामाला आडवं आलं.

टाकळीचे शंख आणि सिल्लेवाड्याची पानं

दौऱ्यावर असताना हिस्लॉप आणि हंटर यांची नजर दगडांवर असे. नागपूरला लागून असलेल्या टाकळीला त्यांना काळ्या बसाल्टच्या थरांमध्ये दबलेला वेगळाच थर सापडला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, फळं आणि बिया दगड होऊन बसलेल्या होत्या. याचा अर्थ असा की लाव्ह्याचा एक लोट येऊन गेल्यावर मधल्या काळात इथे तळी होती, झाडं होती, जीव होते. मग पुन्हा लाव्हा आला आणि सगळं झाकलं गेलं. ही साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट असल्याचं आज मानलं जातं.

सिल्लेवाडा, कामठी, भरतवाडा इथल्या वाळूच्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस या लुप्त झालेल्या झाडाची पानं मिळाली. सिल्लेवाड्याला पुढे कोळशाची खाण झाली, ती अशाच प्राचीन झाडांच्या कोळशाची. हीच पानं दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातही सापडतात. हे सगळे भूभाग एकेकाळी जोडलेले होते, या सिद्धांताचा ती मोठा पुरावा ठरली. त्या जुन्या महाखंडाला नाव पडलं गोंडवन, आपल्याच मुलखावरून. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडच्या पिसदुऱ्याच्या जुन्या हाडांकडेही हिस्लॉप यांनीच लक्ष वेधलं.

त्यांचे लेख लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आले. टाकळीला मिळालेल्या एका हिरव्या खनिजाला १८५९ मध्ये हिस्लोपाइट नाव देण्यात आलं.

बायबलला अखेरचा प्रमाण मानणारा माणूस लाखो वर्षांच्या थरांचा अभ्यास कसा करतो, असा प्रश्न आज कोणालाही पडेल. आजही काही सुवार्तावादी मंडळी पृथ्वी थोड्या हजार वर्षांचीच मानतात. पण त्या काळच्या फ्री चर्चमध्ये तसं बंधन नव्हतं. डॉ. चामर्स यांनी तरुणपणीच सांगून टाकलं होतं की बायबल पृथ्वीचं वय ठरवत नाही. ह्यू मिलर हे फ्री चर्चचे मोठे पत्रकार, तेही नावाजलेले भूगर्भ अभ्यासक. सृष्टी हे देवाचं दुसरं पुस्तक आहे, असा या मंडळींचा भाव होता.

लिंगोची गाथा

हिस्लॉप यांचं सगळ्यांत अनपेक्षित काम गोंड समाजाबद्दलचं. गावोगावच्या फिरतीत त्यांनी गोंड, कोरकू आणि इतर जमातींच्या बोली, देव, चालीरीती टिपून ठेवल्या. गोंडांचे भाट म्हणजे परधान. किंगरीच्या साथीवर ते गाथा गातात. अशाच एका परधानाकडून हिस्लॉप यांनी लिंगोची गाथा गोंडीतच लिहून घेतली. गोंडांना गुहेत कोंडून ठेवलं गेलं, लिंगोने त्यांची सुटका केली आणि त्यांना कुळं, देव आणि रीत दिली, असा तिचा सांगावा. आज गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला लाखो गोंड बांधव जमतात, ते याच श्रद्धेने.

तारण फक्त ख्रिस्तात आहे असं मानणारा माणूस गोंडांच्या तारणहाराची गाथा ओळीने ओळ लिहून घेत होता. यात त्यांना विसंगती वाटली नसावी. ज्याच्याशी बोलायचं त्याचं आधी पूर्ण ऐकून घ्यायचं, ही त्यांची शिस्त होती. गोंडांना त्यांच्याच भाषेत सुवार्ता सांगायची तर त्यांचं मन कळलं पाहिजे. हेतू धर्मप्रसाराचाच होता. पण लिहून घेतलं ते मात्र इमानाने.

या गाथेतल्या काही भागांवर हिंदू कथांची छाया आहे, असं नंतरच्या अभ्यासकांचं म्हणणं आहे, आणि त्यावर चर्चा चालू असते. तरीही गोंडी गाथा छापील रूपात येण्याच्या अगदी सुरुवातीच्या कामांत या कामाची गणना होते.

४ सप्टेंबर १८६३

१८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि पुढच्या वर्षी सर रिचर्ड टेम्पल त्याचे चीफ कमिशनर म्हणून आले. दोघांची चांगली मैत्री जमली. टाकळघाटच्या शिवारात दगडांची जुनी वर्तुळं आहेत. लोखंड वापरणाऱ्या प्राचीन माणसांची ती दफनं. पुढे १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि खापा इथे रीतसर उत्खनन केलं. १८६३ च्या सप्टेंबरात हिस्लॉप आणि टेम्पल ही वर्तुळं पाहायला गेले होते.

जवळच बोरी, म्हणजे आजची बुटीबोरी. एक शाळा तपासायला हिस्लॉप मागे थांबले आणि बाकीची मंडळी पुढे मुक्कामाला गेली. पावसाचे दिवस, अंधार पडत आलेला, वाटेतल्या ओढ्याला पाणी चढलेलं. मुक्कामावर घोडा एकटाच आला, पाठीवर स्वार नव्हता. शोधाशोध झाली. हिस्लॉप यांचा मृतदेह पाण्यात सापडला. त्यांना सेहेचाळीसावं वर्ष पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते. नागपुरातच त्यांना मूठमाती देण्यात आली.

मागे काय राहिलं

टेम्पल यांनी हिस्लॉप यांचे विखुरलेले कागद गोळा केले, नीट लावले आणि १८६६ मध्ये मध्य प्रांतातल्या आदिम जमातींवरचं पुस्तक म्हणून नागपुरात छापून काढले. लिंगोची गाथा त्यातच आहे. शाळा चालू राहिली आणि १८८३ मध्ये तिच्या परंपरेतून हिस्लॉप कॉलेज उभं राहिलं. विदर्भातलं हे सगळ्यांत जुनं कॉलेज. आज ते ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव टेम्पल रोड. दोघा मित्रांची नावं अशी एका पत्त्यात आली.

हिस्लॉप ज्यासाठी आले ते त्यांच्या डोळ्यांदेखत फारसं घडलं नाही. नागपूरकरांनी त्यांची शाळा घेतली, त्यांचं मुख्य सांगणं बहुतेकांनी घेतलं नाही. जिल्ह्यातल्या छोट्या ख्रिस्ती समाजाने ते घेतलं आणि तो समाज आजही प्रार्थनेला जमतो. बाकीच्यांसाठी शाळा, गाथा आणि दगडांची नोंद एवढं उरलं. पण या गोष्टी त्या विश्वासापासून तोडून पाहिल्या तर माणूस अर्धाच दिसतो. प्रत्येकाने स्वतः वाचावं म्हणून शाळा, प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलावं म्हणून मराठी आणि गोंडी, सृष्टी देवाची म्हणून दगड. त्यांची श्रद्धा मान्य करायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. निदान आपल्या टाकळघाट, बुटीबोरी, सिल्लेवाडा आणि टाकळीच्या मुलांना तरी हा माणूस कोण होता, कशासाठी आला होता, एवढं शाळेत सांगायला हरकत नाही.